आतला नट

मेघा पाठीवर सरकत जीपखाली गेली. बाहेर नुसती पावलं राहिली.

"कशाला उगाच?" बोनेटपाशी ऑइल बघत असलेला नवल म्हणाला. "प्रेमराजनं काल बठ्ठं, एकूण एक नट, घट्ट केलंय. पांढऱ्या रेघाही मारल्यात."

"त्याच बघतेय. पोर झोपलीय तोवर."

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी जीपांची शर्यत होती. मोठाल्या दगडांवरून, एकेक चाक अधांतरी करत जायचं. त्यासाठीच नवलनं दोन वर्षांपूर्वी ही जुनी जीप चार बोटं उंच करून घेतली होती. स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर मोठे घातले. पाटे आणि चाकं जोडणारा एक्सल एकत्र जखडणारे बोल्ट ढिले पडले, तर एक्सलच जागा सोडतो. म्हणून नट आवळला की त्याच्यावरून खालच्या प्लेटपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटते. नुसतं बघून कळतं. आधी ही रेघ मेघा ओढायची, स्वतःच्या लाल नेलपॉलिशनं. शर्यतीत नवलच्या डाव्या सीटवरही तीच असायची. भाविका पोटात राहिली आणि पाना, रंग, सीट सगळं नवलच्या मित्राकडे, प्रेमराजकडे गेलं.

पांढऱ्या रेघा सरळ होत्या. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या नटवरचीही सरळच. मेघानं टॉर्च जवळ नेला. पांढऱ्याच्या आडून तिचा जुना लाल रंग दिसत होता. प्लेटवर एकीकडे, नटवर बोटभर दुसरीकडे.

तिनं दोन बोटांनी नट धरला. तो फिरला.

"अहो, जरा इकडं या."

नवल शेजारी सरकला. त्यानंही नट फिरवून पाहिला.

"ढिल्या नटवर रेघ मारली प्रेमराजनं," तो म्हणाला. "रविवारी दोघंही गेलो असतो. येऊ दे आता त्याला."

"त्यांना काही बोलू नका. इथं सायलेन्सर आड येतो, पाना बसतच नाही."

"मग तू कसा आवळायचीस?"

मेघानं पाना उलटा केला, मनगट वळवून खालून घातला आणि नट आवळत नेला. दातओठ खाऊन शेवटचा झटका दिला. हात काढला तेव्हा पंजे काळे झाले होते.

दोघं बाहेर आले. नवलची आई, तानुबाई, पोरीला घेऊन ओट्यावरून उतरत होत्या.

"उठनी वं तुनी पोर," त्या मेघाचे काळे हात बघून म्हणाल्या. "बठ्ठं आंग कायं करी लिधं ना वं तू."

नवलचं चित्त अजून गाडीखालीच होतं. "पाना बसत नव्हता तर तुला विचारायचं त्यानं. रोज तर येतो घरी."

"विचारलं होतं," मेघा म्हणाली.

"मग?"

"मी सांगितलं नाही."

भाविका आईकडे झेपावत होती. मेघानं काळे पंजे लांब धरले आणि नुसत्या कोपरांच्या बेचक्यात तिला घेतलं.