गूळपाणी

मृदुला अजून चपला काढत होती, तोच तिचे वडील दामोदरराव गुळाची वाटी आणि पाण्याचं फुलपात्र घेऊन दारात आले. दर शनिवारी येत, तसेच.

"घे. उन्हाची आली आहेस."

तिने वाटीत पाहिलं. चांगला सुपारीएवढा खडा होता. गेल्या शनिवारी अशाच एका खड्याने तिला इलाइट चौराह्यावर स्कूटीवरून उतरवून फुटपाथवर बसवलं होतं. हात थरथरत होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता, समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. एक ऑटोवाला "दीदी, पानी लाऊँ?" असं विचारत होता आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्या आणि डबीतलं पनीर कामी आलं.

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. पोट आता मुठीपेक्षाही लहान. गोड त्यात थांबतच नाही, सरळ आतड्यात उतरतं. साखर झरझर चढते आणि तास-दीड तासाने धाडकन खाली येते. आहारतज्ज्ञ आभा मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "पहले दाल, पनीर, अंडा। रोटी बाद में। और खाली पेट मीठा तो बिलकुल नहीं।" मृदुला हे सगळं शहाण्या मुलीसारखं पाळायची. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर लांबूनच हात जोडायची. फक्त माहेरी आली की तिचं शहाणपण उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहायचं.

कारण हा गूळ साधा नव्हता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. लक्ष्मी गेटजवळच्या या घरातून तिच्या हातची एकेक गोष्ट नाहीशी झाली, उरली ती एवढीच. आल्यागेल्याच्या हातावर आधी गूळ, मग पाणी, मग बाकीच्या चौकशा. पूर्वज दक्षिणेतून इकडे उत्तरेत आले तेव्हा वाटेत किती काय सांडलं असेल, ही रीत मात्र टिकली. लहानपणी पुण्याकडचे पाहुणे गाडीतून उतरून, टांग्यातून धुळीने माखून यायचे. आई वाटी घेऊन दारात उभी असायची आणि तिचा पदर धरून मृदुला. पाहुण्याने खडा उचलला की वाटीच्या तळाशी थोडा चुरा उरायचा. तो मृदुलाचा. बोट ओलं करून ती वाटी अशी चाटायची की घासायला नको. त्या चवीवर तिचा अजून जीव होता.

काल रात्री सुजय, तिचा नवरा, वैतागून म्हणाला होता, "एक तर बाबांना सांगून टाक, नाही तर जाणं बंद कर. रस्त्यात पडलीस म्हणजे?" बोलायला त्याचं काय जातं. बाबांना ऑपरेशन मुळातच पटलं नव्हतं. "अच्छी-भली लडकी को काट डाला," असं ते शेजारीपाजारी सांगत सुटले होते. आता गूळही नको म्हटलं तर त्यांना वाटेल, पोर तुटली. खरं तर भीती तिचीच होती. ही वाटी परत केली की माहेर संपलं, असं तिला वाटत होतं.

पण फुटपाथ आठवला आणि तिने हात मागे घेतला.

"बाबा, मला गूळ नको."

"का?"

"ऑपरेशनपासून सोसत नाही. खाल्ला की तासाभराने चक्कर येते. गेल्या शनिवारी रस्त्यातच बसले होते."

दामोदररावांचा हात तसाच पुढे राहिला. "मग वर्षभर खात का होतीस?"

"आई द्यायची ना, लहानपणापासून. तुम्ही तिची रीत चालवताय. नाही कसं म्हणू?"

दामोदरराव वाटी हातात घेऊन दारातल्या स्टुलावर बसले.

"लहानपणी तुला कोण गूळ देत होतं?" ते म्हणाले. "तू शाळेतून यायचीस ती दप्तर फेकून थेट स्वयंपाकघरात. फडताळातला दाण्यांचा डबा काढून मुठी भरायचीस. घरभर सालपटं. तुझी आई ओरडायची, तू पळायचीस."

मृदुलाला तो डबा आठवला. झाकण इतकं घट्ट की ते दातांनी उघडायला जाऊन तिने एकदा ओठ फोडून घेतला होता.

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तू सुजयरावांबरोबर आलीस. तिने जावयापुढे वाटी धरली, मग तुझ्यापुढेही धरली. तू हसत खडा उचललास. ती आत गेली आणि मोरीत तोंड धूत बसली. मी विचारलं, तर म्हणाली, पोर आज पाहुणी झाली हो." त्यांनी डोळे पुसले. "तेव्हापासून ती तुलाही गूळ देत आली. ती गेल्यावर मीही देत राहिलो. मला वाटलं, असंच करायचं असतं."

बाहेर कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत गेलं.

"दाणे चालतात तुला?"

"चालतात. नीट चावून खायचे."

दामोदररावांनी गुळाचा खडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि रिकामी वाटी स्टुलाखाली सरकवून दिली.

"डबा होता तिथेच आहे," ते म्हणाले. "जा, तुझं तू घे."