परीक्षा होईस्तोवर

घाटंजीत सरदारभाईंनी अंथरूण धरलं, तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, "माहनूरले बोलवा." पण शिकणाऱ्या लेकराला वाईट बातमी परीक्षेनंतरच सांगायची, हा घरोघरचा कायदा. पुण्यात पोरीची पीएचडीची तोंडी परीक्षा होईस्तोवर कोणी तिला कळवायचं नाही, असं त्यांच्या बायकोने, फरहानाने, सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं होतं.

आज दुपारी पोरीचाच फोन आला. "पास झाली मी, अम्मी!"

"शिकली तरी काय एवढी, सांग मले," फरहाना हळूच म्हणाली.

"बॅक्टेरियाच्या जीनमधून निरोप निघते, अमुक प्रथिन बनवा म्हणून. मधातच एक चिमुकला आरएनए त्या निरोपाले चिकटते, अन् काम थांबते. कठीण वेळ आली का बॅक्टेरिया असंच करून तगते."

"अन् त्या निरोपाचं काय होते?"

"बहुतेक तिथंच तुकडे होऊन संपते, अम्मी." माहनूर हसली. "अब्बाले दे ना फोन, त्यायलेबी सांगतो."



अंगणात माणसं ताटकळत उभी होती. फरहानाचा फोन संपला की जनाजा उचलायचा होता.