अर्ध्या किलोचा कॅमेरा

"पाय धड आहेत हो, डोकं गेलंय," टाल्के उकेना म्हणाली आणि तिने जुना ट्रायपॉड काउंटरवर आडवा टाकला. "आमच्या एन्नोचं नेमकं उलटं. डोकं शाबूत, पाय गेले."

फोको हसला. जेवणासाठी दुकान बंद करायची वेळ झाली होती, गाडीची किल्लीसुद्धा त्याच्या हातात होती. पण चहा नुकताच तयार झाला होता, आणि समोर किटली असताना गिऱ्हाइकाला वाटेला लावलं असतं तर एम्डेन गावभर बोभाटा झाला असता. त्याने दोन कप मांडले, खडीसाखर टाकली.

"फोटो बरेच काढता का, उकेनाबाई?"

"छे! कधीमधी. दुपारचे."

"कशाचे?"

"एन्नोसाठीच हा सगळा खटाटोप. कंबरेचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालतो. रस्त्याच्या पलीकडे त्याच्या कोंबड्या. दुपार झाली की निघालाच दाणे घालायला! कितीही ओरडा, ऐकेल तर शपथ. गोगलगाय बरी त्याच्यापेक्षा. तो पलीकडे पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो." तिने चहाचा घोट घेतला. "तो नीट पलीकडे पोचलेला दिसला पाहिजे. मला दुसरं काही नको."

फोकोला बाईचं कौतुक वाटलं. या वयात नवऱ्याचं एकेक पाऊल टिपून ठेवायची हौस!

"म्हणजे अख्खा रस्ता फोटोत यायला हवा."

"अख्खा रस्ता," ती म्हणाली.

त्याने काचेच्या कपाटातून ट्रायपॉडचं एक डोकं, म्हणजे हेड, काढलं. "हे बॉल हेड. ही एकच खुंटी सैल केली की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळली की पक्का. ऐंशी युरो."

"ऐंशी? अहो, मी काय लग्नाच्या ऑर्डरी घेते?"

"मग हे बघा. वापरलेलं आहे, पण दणकट. तीन दांड्या. एक वर-खाली करायला, एक आडवं फिरवायला, एक तिरकं करायला. एका दांडीची मूठ हरवली होती, तिथे ही लाल बसवलीय. अठराला देतो. कॅमेरा केवढा आहे?"

"अर्ध्या किलोचा."

"कुठला?"

"घरातलाच. जुना. वाऱ्यात हलणार नाही ना? आमच्याकडे बंधाऱ्यावरून थेट वारा येतो."

"घट्ट आवळा, मग वादळ येऊ दे."

"आणि पावसात?"

"पावसात कॅमेरा कोण बाहेर ठेवतं, बाई?"

"मी हेडचं विचारतेय."

"हेडला काय धाड भरलीय!"

"वरच्या या स्क्रूचं माप काय?"

"सगळ्या कॅमेऱ्यांना एकच माप असतं. बिनघोर बसवा."

"तरी सांगा." त्याने सांगितलं. तिने ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. फोकोला गंमत वाटली. अठरा युरोंच्या वस्तूसाठी इतकी चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

दुसरा कप झाल्यावर तिने हेड ट्रायपॉडवर चढवलं, त्यावर दुकानातलाच एक कॅमेरा बसवायला लावला आणि ट्रायपॉड खिडकीत नेऊन ठेवला. "एक काम करा. दारातली ती हिरवी गाडी तुमचीच ना? जरा तीत जाऊन बसा आणि इकडे बघा."

"गाडीत? कशाला?"

"एन्नो वाकून चालतो. त्याची नजर तेवढीच खाली असते. कॅमेरा कुठे बघतोय ते त्याला लांबून कळायला नको?"

फोको गाडीत जाऊन बसला. टाल्केने लाल मूठ हळूच फिरवली. दोन मिनिटांत तो हसत परत आला.

"बाप रे! बरोबर माझ्यावरच रोखलाय असं वाटलं. दचकलोच मी."

"दचकलात ना? मग हेच द्या."

तिसरा कप भरताना त्याने विचारलं, "राहता कुठे?"

"बंधाऱ्याच्या रस्त्याला. वळण संपलं की निळं दार."

"अरेच्चा! मी रोज तिथूनच जेवायला घरी जातो. निळं दार कधी दिसलं नाही मला."

"नसेल दिसलं," टाल्के म्हणाली. तिने कपात चमचा उभा केला, म्हणजे आता चहा पुरे. पैसे मोजून दिले आणि ट्रायपॉड काखोटीला मारला.

"पहिला फोटो कसा आला, मला दाखवायचा हं!" फोको मागून ओरडला.

"सगळ्यात आधी तुम्हीच बघाल."

पुढच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक चिकटून बसलं आणि फोकोला जेवायला उशीर झाला. घरी सूप थंड होत होतं, बायकोचं तोंड त्याहून थंड. त्याने हिरवी गाडी बंधाऱ्याच्या रस्त्याला घातली आणि वळणावर नेहमीसारखी दामटली.

वळण संपलं आणि कुंपणाच्या आत तीन पाय दिसले. त्यांच्यावर एक काळा डोळा, थेट त्याच्यावर रोखलेला.

वेग पकडणारा कॅमेरा! मेलो! परवाना एकदा जप्त झाला होता, आता पुन्हा गेला तर कायमचीच पायपीट. त्याने कचकन ब्रेक दाबला. गाडी बैलगाडीसारखी रांगायला लागली, आणि मग थांबलीच.

कारण समोर, रस्त्याच्या अगदी मधोमध, टोपी घातलेला एक म्हातारा वॉकर ढकलत चालला होता. फोकोला घाम फुटला. म्हाताऱ्याने मात्र टोपी उचलून "मोइन!" म्हणून नमस्कार केला आणि सावकाश पलीकडे गेला. कोंबड्या धावत त्याच्याकडे आल्या.

फोकोने कपाळ पुसलं. आज पहिल्यांदा त्याला निळं दार दिसलं. दारात टाल्के उभी होती, हात हलवत. मग त्याची नजर कुंपणाकडे वळली आणि तिथल्या लाल मुठीवर अडकली.

मुठीच्या वर, बाटलीचं बूड डकवलेला, काळा रंग फासलेला, चहाचा अर्ध्या किलोचा डबा होता.