निम्मा परका

तिसऱ्यांदा गर्भ टिकला नाही, तेव्हा सासूबाई स्वतःच सुनेला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या आणि बसायच्या आधीच निदान सांगून मोकळ्या झाल्या. "आमच्याकडे असलं काही नाही. हे हिच्या माहेरचं. औषध तेवढं तुम्ही सांगा."

"दोष कुणाचाच नाही, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भ निम्मा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला निम्मा परकाच. रोगाशी लढणाऱ्या पेशी एरवी परक्याला हाकलतात. इथे मात्र त्यांनी गर्भाशयाच्या अस्तराला रासायनिक निरोप द्यायचा असतो, की याला राहू दे. कधीकधी तो निरोप नीट जात नाही."

सासूबाईंनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "म्हणजे आमचं रक्त हिला परकं?" त्या सुनेकडे वळल्या. "इतकी वर्षं एका छपराखाली काढली. एव्हाना आपलं म्हणायला नको?"

"मीही त्याचीच वाट बघतेय, आई," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंकडे बघवेना, सुनेकडे तर त्याहून नाही. सासूबाई मान खाली घालून टेबलावरच्या प्लास्टिकच्या गर्भाशयाकडे बघत राहिल्या.