नवा परिच्छेद

फादरांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथात देहदंडाच्या जुन्या परिच्छेदावर नव्या शिकवणीचा कागद चिकटवला आणि ग्रंथ दाबून मिटला. समोर तुरुंगातला जल्लाद उभा होता. “जुना परिच्छेद दाखवूनच आधीचे फादर म्हणाले होते, कर नोकरी, पाप नाही.” “आता चर्च म्हणतं, कुणालाच फाशी नको. उद्याच्या फाशीला जाऊ नकोस,” फादर म्हणाले. “मी नाही गेलो तर बदलीवाला येईल. मागच्या खेपेला त्यानं गाठ चुकीची बसवली, कैदी कितीतरी वेळ तडफडत राहिला. माझ्या हातून निदान झटक्यात सुटतात. यावर चर्च काय म्हणतं, फादर?” फादर घाईघाईनं ग्रंथ उघडायला गेले. डिंकानं समोरासमोरची पानं चिकटली होती. “ओढू नका,” जल्लाद म्हणाला. “घाईत हाल होतात.” त्यानं सराईत बोटांनी पानं अलगद सोडवली. समोरच्या पानावर पुढचा विषय सुरू होत होता: खून.