चाखणारा हात

नातवाला पहिला दात आला, त्याच वर्षी घड्याळजीला शेंगदाणे बाधू लागले. साठ वर्षं मूठमूठ खाल्ले होते. एका दुपारी ओठ सुजले, घसा आवळला, आणि दवाखान्यात सुई टोचल्यावर श्वास परत आला. डॉक्टर म्हणाले, "आता कणभरही नको. पुढच्या वेळी इथवर पोचाल याचा भरवसा नाही."

आज ताट समोर येऊन पाच मिनिटं झाली होती. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं होतं, दुकानात तो ज्याने घड्याळाची चाकं बघायचा तेच, आणि चमच्याच्या टोकाने तो एकेक शीत बाजूला सारत होता.

"भात आहे तो, बाबा," सून म्हणाली. "स्प्रिंग सापडायची नाही त्यात."

"बंद घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण म्हणतो, आपोआप बंद पडलं. उघडलं की आत पाणी निघतं."

"म्हणजे मी खोटी."

"मी असं म्हटलं?"

"म्हणायचं काय राहिलंय?"

घरातले दाणे केव्हाच गेले होते. डबे घासून झाले, तेल बदललं, मिक्सरचं भांडं नवं आणलं. तरी महिन्याभरात दोनदा त्याचे ओठ सुजले, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा सुई टोचावी लागली. स्वयंपाक सून करत होती. त्याला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासूनच तो बायकोने पहिला घास चाखल्याशिवाय जेवत नव्हता. बायकोला चव लागत नाही आणि आपल्याला बाधतं, म्हणजे सून चवही लागू नये इतके बारीक करून दाणे घालते, असा त्याचा संशय उलट पक्काच झाला होता.

मुलाने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. आज बाबा मुकाट्याने जेवले तर ठीक, नाहीतर रविवारी पोराला घेऊन आम्ही निघतो, असं सुनेने सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तुझी सासू कुठाय?" घड्याळजीने विचारलं.

"आले, आले." बायको शेजारच्या शिंपिणीकडून घाईने आली आणि त्याच्या बाजूला टेकली. "इतकी काय ओरड? तोफ डागायची होती का माझ्यावाचून?" तिने ताटात बोटं घातली, भात-भाजी कालवली, छोटासा घास तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला.

"काही नाही. जेवा."

घड्याळजीने भिंग काढलं, चमचा भरला.

"थांबा," सून म्हणाली.

चमचा अधांतरी राहिला.

"ताटाला भिंग लावता ना रोज? एकदा चाखणाऱ्या हाताला लावा."

"सासूवर ढकलतेस?" तो म्हणाला. "माझ्या देखत?"

"मला वाईटच करायचं असतं तर आत्ता गप्प बसले असते, बाबा. मागे दोनदा तुम्हाला झालं, तेव्हाही आई शेजारूनच आल्या होत्या. काल रात्री पडल्या पडल्या ध्यानात आलं. हात बघा. काही नसलं तर रविवारची वाटही बघत नाही, आजच निघते."

घड्याळजी बायकोकडे वळला. तिने हात मांडीवर घेतला होता. मूठ मिटलेली होती.

"बघू."

"काय बघायचंय? बेचाळीस वर्षं बघताय."

"उघड."

तिने मूठ उघडली नाही. त्याने तिचं मनगट धरलं, एकेक बोट सरळ केलं आणि पुन्हा भिंग लावलं. भाताची चिकट शितं दिसली. आणि अंगठ्याच्या नखाखाली एक लालसर पापुद्रा, माशीच्या पंखाएवढा.



"किती खाल्लेस?"

"पाच-सहा असतील. शिंपीण भाजत होती. घरात बंदी केलीत, मग मी काय आयुष्यभर वासावर जगू? मला काही बाधत नाहीत ते."

"हात धुतला होतास?"

"पुसला होता की."

"तोंडात दाण्याचीच चव, आणि माझ्या ताटात दाणा आहे की नाही ते तू सांगणार."

"अहो, माझ्या ध्यानातच आलं नाही. शप्पथ. आपल्या माणसाला कोणी मुद्दाम..."

"आलं नाही ध्यानात?"

"नाही."

"मग मूठ का मिटलीस?"

 तिने सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत होती. आतल्या खोलीत पोर कुरकुरलं, तरी कोणी उठलं नाही.

सुनेने ताट उचललं, मोरीत ठेवलं, हात साबणाने धुतले आणि दुसरं ताट वाढून आणलं. घड्याळजीने भिंग खिशात टाकलं. तो खाली मान घालून जेवला, पुन्हा भात मागितला. "जरा चुकलं माझं," एवढंही सुनेला म्हणाला नाही; पण रविवारी सामान हललं नाही.

त्या दिवसापासून त्याने बायकोच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. जेवणाच्या वेळी ती साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन यायची आणि समोर बसायची. तो ताट थोडं सुनेच्या बाजूला सरकवायचा.

पुढच्या वर्षी मार्चच्या अकरा तारखेला न्यूमोनियाने बायको गेली; तोवर ताट तसंच सुनेच्या बाजूला सरकत राहिलं होतं.