हजेरी

"अगं म्हातारे, हजेरी बंद झाली!" हवालदार म्हणाला. "सरकारनं काल तारेचं कुंपण तोडलं ना? सुटलात तुम्ही. आता या देशाचे नागरिक. जा कुठं जायचं तिथं."

गोऱ्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेली ती सगळी वसाहत एका दिवसात पांगली होती. यल्ली कैकाडीण मात्र रोजच्यासारखी सांजेला चौकीपुढं येऊन उभी राहिली.

"कुठं जाऊ, सायेब? धनी मेला, लेकरं काल तारंपल्याड गेली. दिस बुडताना माझं नाव पुकारणारं तुमच्याबिगर कोण हाय?"

हवालदार वरमला. पण नागरिकाला 'ए यल्ली' कसं म्हणायचं? त्यानं टोपी सारखी केली आणि आदरानं पुकारलं, "यल्लवाबाई!"

ही कोण बाई आली म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.